जुना सामू-मीटर भंगारात घालण्याआधी

निर्लेखनाची यादी आली की आपण डोळे मिटून सही करतो. मोडकी खुर्ची, गळका पंप आणि त्याच ओळीत ‘सामू-मीटर, व्हॉल्व्हचा, नादुरुस्त, नग १’. मागच्या वर्षी एका कृषी शाळेच्या अडगळीत असा मीटर पाहिला आणि यादीवरून तेवढी ओळ काढा म्हणून मी भांडलो. लोक हसले. हसू देत.

हे यंत्र मुळात शेतमालासाठीच जन्मले. १९३४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायचा होता. रस टिकण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साईडमुळे लिटमस कागद फिका पडे. तेव्हा आर्नॉल्ड बेकमन यांनी काचेच्या इलेक्ट्रोडला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जोडला. काचेतून येणारा प्रवाह इतका नाजूक असतो की साधा काटा त्याने हलतच नाही. म्हणून व्हॉल्व्ह.

आता शेतकरी बंधूंनो, याचा तुमच्याशी काय संबंध? सांगतो. माझ्या सर्कलमधल्या एका शेतकऱ्याच्या अहवालात सामू ८.१ आला. गड्याने उसाला खतावर खत ओतले, तरी ऊस पिवळाच. दुसरीकडे तपासले तर ९.२. जमीन चोपण निघाली. तिला खत नव्हे, जिप्सम आणि निचरा हवा होता. पहिला मीटर नवा होता हो, आकडे दाखवणारा! पण इलेक्ट्रोड सुकलेला, आणि मीटर लावला होता फक्त ७ च्या बफरवर. सुस्त इलेक्ट्रोड ७ ला बरोबर बोलतो, ९ ला मात्र खोटे बोलतो. दुसरा, ९.२ चा बफर लावून पाहिला असता तर चोरी तिथेच पकडली असती. एका वर्षाचे पीक गेले त्याचे.

ही चोरी कुठे होते ते जुना मीटर उघडल्यावर कळते. आमचा मीटर तालुक्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. काका म्हणाले, “साहेब, एकदम लाईनीत लावू नका.” वर्षानुवर्षे पडून राहिलेले फिल्टर कंडेन्सर सुकलेले असतात. आधी चाळीस वॅटचा सिरीज बल्ब. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला की समजा आत शॉर्ट आहे. आमचा तसाच पेटला. दोन कंडेन्सर बदलले. प्लग काढल्यावरही आत दीड-दोनशे व्होल्ट दबा धरून बसतात. रेझिस्टरमधून ते उतरवल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि शिकाऊ माणसाने एकट्याने तर नाहीच.

कंडेन्सर बदलले तरी काटा सरकतच होता. तेव्हा काकांनी इलेक्ट्रोड काढून दोन्ही टर्मिनल तारेने जोडले. काटा ७ वर स्थिर राहिला तर दोष इलेक्ट्रोडचा, सरकला तर मीटरचा. साधी युक्ती, पण प्रयोगशाळेतल्या किती जणांना माहीत आहे? आमचा काटा सरकला. व्हॉल्व्हच्या काचेवर आणि इनपुटच्या सॉकेटवर धूळ, बोटांचे ठसे, पावसाळ्याचा दमटपणा. तेवढ्यातूनही तो नाजूक प्रवाह गळतो. स्पिरिटने पुसले, दिवसभर गरम बल्बाजवळ ठेवून वाळवले, आत सिलिका जेलची पुडी टाकली. नंतर अर्धा तास तापू दिल्यावर काटा जागेवर बसला. इलेक्ट्रोड मात्र गेलाच होता, तो नवा घ्यावा लागला.

या मीटरवर शेतकऱ्याला अहवाल द्यावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्यासाठी नवे मीटर आहेत, तेच वापरावेत. पण शिकवायला हा हवा. काचबंद डिजिटल डब्यात पोराला काही दिसत नाही, इथे दोष डोळ्यांनी दिसतो. व्हॉल्व्ह जळालेला असेल आणि जोडीचा मिळत नसेल तर खुशाल निर्लेखन करा, हट्ट नको.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. गावातले माती नमुने जिथे जातात तिथे एकदा जाऊन विचारा: मीटर किती बफरवर लावता, आणि ९.२ ची बाटली कधी उघडली? झाकण उघडे राहिलेली बाटली हवेतला कार्बन डायऑक्साईड पिऊन उतरते. आमच्या शाळेत आता दोन्ही बाटल्यांवर उघडल्याची तारीख लिहितात.