नरक्याचे काम रिॲक्टरने करावे

मन्रो वॉल आणि नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच संयुग आपल्याकडच्या नरक्या या झाडात मिळाले. पुढे त्यापासून बनणाऱ्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या कर्करोगावरच्या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि सह्याद्रीतल्या नरक्यामागे कुऱ्हाड लागली. लाकडात हे संयुग बहुधा एक टक्क्याहून कमी असते. म्हणजे किलोभर मालासाठी शंभर किलोहून अधिक सुके लाकूड. चोरट्या तोडीवर वन खात्याने गुन्हे नोंदवले, तरी मागणी आहे तोवर तोड थांबणार नाही. ती थांबवण्याची किल्ली आपल्याकडे, लोटे-परशुरामसारख्या वसाहतींत इंटरमीडिएट घडवणाऱ्या रसायनज्ञांकडे आहे.

झाडात रेणू आयता मिळत असताना संश्लेषणाने त्याची पाच वलये बांधायची कशाला, असे विचारले जाते. पण इरिनोटेकानसाठी तो आयता नसतोच. सातव्या जागी एथिल आणि दहाव्या जागी हायड्रॉक्सिल बसवावे लागते. प्रोपियोनाल्डिहाइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फेरस सल्फेट वापरून एथिल बसते. हायड्रॉक्सिलसाठी मात्र एन-ऑक्साइड करून त्यावर प्रकाश सोडण्याची वाट धरली जाते, आणि प्रकाशरसायन मोठ्या बॅचमध्ये नेणे किती जिकिरीचे, हे प्लांटवर उभे राहणाऱ्याला सांगायला नको. त्याऐवजी पूर्ण संश्लेषणात, फ्रिडलँडर संघननाच्या वेळी योग्य अमिनोहायड्रॉक्सिप्रोपियोफेनोन आणि तीन वलयांचा कीटोन एकत्र आले की दोन्ही गट आपापल्या जागी असतातच. खरी मेख त्या कीटोनमध्ये आहे. त्यातले एकुलते असममित केंद्र ‘एस’च हवे, कारण उलट्या रेणूचा औषध म्हणून उपयोग नाही. हे केंद्र शार्पलेस यांच्या डायहायड्रॉक्सिलेशनने साधते, हे १९९०च्या दशकातच दिसून आले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: डोंगर वाचवताना वसाहतीजवळची वाशिष्ठी नदी आणि दाभोळची खाडी नासवायची का? त्या डायहायड्रॉक्सिलेशनला लागणारे ऑस्मियम टेट्रॉक्साइड विषारी आहे. शेल्डन यांच्या ई-फॅक्टरच्या हिशेबात औषधनिर्मितीत किलोमागे २५ ते १०० किलो किंवा त्याहून अधिक कचरा निघतो. खाडीतल्या मच्छीमारांची सांडपाण्याबद्दलची तक्रार जुनी आहे, तिच्याकडे काणाडोळा करून संश्लेषणाची बाजू मांडता येणार नाही. मात्र टक्क्याच्या आतला माल लाकडातून ओढून काढायलाही सॉल्व्हंट भरपूर लागतो. त्याचा हिशेब कोणी मागत नाही, एवढाच फरक. ऑस्मियम उत्प्रेरकापुरता वापरणे आणि सॉल्व्हंट जागेवरच परत मिळवणे ही मार्ग निवडतानाची अट असली पाहिजे, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर (सीईटीपी) ढकलायची बाब नव्हे.

लागवड आणि पानांची काढणी यांना आमचा विरोध नाही. पण झाड वाढायला वर्षे लागतात. बुरशीतून कॅम्प्टोथेसिन मिळाले खरे, परंतु पुढच्या पिढ्यांत उत्पन्न घटते. तेव्हा कीटोनपासून सुरुवात करावी. उतारा, एनान्शिओमरची शुद्धता आणि सॉल्व्हंटचा जमाखर्च अशा तिन्ही आकड्यांसह फसलेल्या बॅचची टिपणेही आम्ही छापू.