दुखतंय, हे डॉक्टरांना सांगा

अण्णा, माझे वडील, दीड महिना खुर्चीत बसून झोपले. फुप्फुसाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता, आडवं झालं की कळ यायची. समोरच्या टेबलावर दोन उशा रचायच्या, त्यांवर कपाळ टेकायचं आणि पहाटेची वाट बघायची. केमो चालू होती. दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात आम्ही रिपोर्ट दाखवायचो, पेशी किती ते विचारायचो. झोपेचं कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. कॅन्सर म्हटल्यावर दुखणारच, असं धरून चाललो होतो.

एका सिस्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, ओपीडीचं नाव काढलं, तेव्हा आईला रडूच फुटलं. “म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले?” तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “केमो चालूच राहणार. आम्ही जोडीला आहोत.” मग अण्णांकडे वळून त्यांनी विचारलं, “रात्री झोपता कसे?” अण्णांनी उशांचं सांगितलं. मरणाची भीती वाटते, हेही. घरात ते कधी बोलले नव्हते.

मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, सोबत पोट साफ होण्याचं औषध. आत्या म्हणाली, “भावाला अफू चारताय?” दुखण्याच्या मानानं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचं सहसा व्यसन लागत नाही. पण हीच भीती १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातही होती. रुग्णांना मॉर्फिन मिळणं इतकं अवघड झालं, की २०१४ साली कायदा बदलावा लागला. तरीही आम्ही गोळ्यांसाठी साताऱ्याहून पुण्याला खेपा घातल्या.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शेवटची पायरी, हा समज सगळ्यांत घातक आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा बोस्टनमधला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा मिळालेले रुग्ण कमी खचले, शेवटी त्यांच्यावर जबरी उपचारही कमी झाले, आणि तरी ते साधारण पावणेतीन महिने जास्त जगले. प्रत्येकाचं आयुष्य वाढेल असं नाही. पण औषधानं थांबणारं दुखणं सोसायला लावणं हा अन्याय आहे, आणि तो आम्ही अजाणता अण्णांवर केला.

आठवड्याभरात अण्णा पलंगावर आडवे झोपले. उरलेल्या केमोही त्यांनी पुऱ्या केल्या. पुढच्या वर्षी ते गेले.

तुमच्या घरी केमो, डायलिसिस किंवा हृदयाचं जुनं दुखणं चालू असेल, तर पुढच्या खेपेला फाइलीबरोबर एक कागद न्या. झोप, भूक, धाप, दुखणं, सगळं त्यावर लिहा. आणि पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल, ते डॉक्टरांना आत्ताच विचारा.