इंग्रजी हवे, पण मराठीच्या पायावर

कोथरूड असो, सिंहगड रस्ता असो वा पिंपळे सौदागर, ‘फोनिक्स’च्या वर्गांचे फलक पुणेकरांना आता नवलाईचे राहिलेले नाहीत. तीन-चार वर्षांची बालके तेथे इंग्रजी अक्षरांचे उच्चार हातवारे करीत, गाण्यांच्या चालीवर गिरवतात. या पद्धतीशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते तिच्याभोवती उभारलेल्या एका भ्रमाशी. घरची भाषा जितक्या लवकर सुटेल तितके इंग्रजी लवकर येईल, हा तो भ्रम. स्वत्वाची, स्वभाषेची व्याख्याने ऐकणाऱ्या आपल्या घरांतही तो ठाण मांडून बसला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात ही पद्धत आहे तरी काय? इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. तेथे अक्षराचे नाव एक आणि उच्चार भलताच. ‘सी-ए-टी’ असे शंभर वेळा घोकले तरी त्यातून ‘कॅट’ निघत नाही. ‘क्-ॲ-ट्’ म्हटले की निघते. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या ‘जॉली फोनिक्स’ या कार्यक्रमात असे ४२ ध्वनी निवडून प्रत्येकाला एक कृती जोडली आहे. नायजेरिया, गांबिया या आफ्रिकी देशांतील शाळांपर्यंतही तो पोहोचला. इंग्लंडने तर २०१२ पासून लहान मुलांची ध्वनिवाचनाची चाचणीच सुरू केली. ज्या भाषेची लिपी उच्चाराशी सदैव फटकून वागते, तिला हा खटाटोप करावाच लागणार.

पण ज्या समाजाची वर्णमालाच ध्वनिशास्त्रावर उभी आहे, त्याने या तत्त्वाकडे परदेशी चमत्कार म्हणून पाहावे काय? कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी उच्चारस्थानांच्या क्रमाने लावलेली अक्षरे आपले मूल बालवाडीतच म्हणू लागते. एका चिन्हाला एक ध्वनी असतो, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. इतकेच नव्हे, तर अपवादाचा धडाही मराठी देते. ‘चिमणी’तला च आणि ‘चूल’मधला च एक नव्हे. इकार-एकारापुढे तो तालव्य होतो, हे नियम न सांगता मुलाच्या जिभेला ठाऊक असते. ‘कॅट’मधला सी आणि ‘सिटी’मधला सी यांत हाच न्याय आहे; तेथेही पुढच्या स्वराने उच्चार ठरतो. मराठी नीट शिकलेल्या मुलापुढे एवढे बोट दाखविले तरी पुरे. मराठीच न शिकलेल्या मुलापाशी मात्र हे भांडवल कोठून येणार?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. इंग्लंडमधील मूल शाळेत येते तेव्हा हजारो इंग्रजी शब्द त्याच्या कानांवरून गेलेले असतात. अक्षरांचा उच्चार जुळला की ओळखीचा शब्द सापडतो आणि अर्थ आपोआप उमलतो. आपल्या मुलापाशी तो शब्दच नसेल, तर ते खडखडीत वाचेल आणि काहीही समजणार नाही. पालक टाळ्या वाजवतील. पण ती पोपटपंची असेल. ध्वनिपद्धती उच्चार देते, अर्थ देत नाही. अर्थाची किल्ली घरच्या भाषेकडे असते.

गाण्याचे महत्त्व येथे येते. इंग्रजी शब्दातील एका अवयवावर आघात पडतो, बाकीचे दबतात. मराठीत असा ठळक आघात नाही. हा ठेका पुस्तकातून कळत नाही. टाळीच्या तालावर म्हटलेल्या गाण्यातून तो अंगात मुरतो. म्हणून गाणी हवीतच. परंतु लंडनच्या पुलाची आणि बर्फाची गाणी मावळातल्या मुलाने अर्थ न कळता का म्हणावीत? भाताची लावणी, बैलपोळा, एस. टी.ची लाल गाडी यांवर सोपी इंग्रजी गाणी रचणारा शिक्षक आपल्याला का घडविता येऊ नये?

आफ्रिकेचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी १९८६च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, शाळेच्या आवारात मातृभाषा गिकुयू बोलणाऱ्या मुलाला छड्या खाव्या लागत, गळ्यात अपमानाची पाटी मिरवावी लागे. याउलट नायजेरियातील इफे येथे १९७० साली प्रा. बाबातुंडे फाफुन्वा यांनी प्रयोग केला. सहा वर्षे सर्व विषय योरुबा भाषेत, आणि इंग्रजी केवळ विषय म्हणून, पण त्यासाठी खास शिक्षक. ही मुले अन्य विषयांत सरस ठरलीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत.

पुण्याला तर हे सांगण्यासाठी आफ्रिकेत जाण्याचीही गरज नाही. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी शाळा काढली, तिचे नावच ‘न्यू इंग्लिश स्कूल’. इंग्रजीला वाघिणीच्या दुधाची उपमा देणाऱ्या या माणसांना तिचे सामर्थ्य पुरेपूर ठाऊक होते. आणि पुढच्याच वर्षी याच मंडळींनी ‘केसरी’ काढला, तो मराठीत. दूध पचविण्याची ताकद स्वभाषेने दिली होती.

महाराष्ट्र शासनाने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. निर्णय झाला, परंतु ज्यांनी ते शिकवायचे, त्या खेड्यातील शिक्षकाच्या स्वतःच्या कानाची तयारी तेवढ्याच तळमळीने झाली काय? २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला तेव्हा कोवळ्या मुलांवरील ओझ्याच्या नावाने रान उठले आणि २९ जूनला तो मागे घ्यावा लागला. ओझ्याची ती चिंता खरी असेल, तर तीन वर्षांच्या मुलावर परक्या माध्यमाचा डोंगर लादताना ती कोठे दडी मारून बसते? हिंदीचे ओझे आणि इंग्रजीचे पंख, हा न्याय कोणत्या तराजूतला?

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण सुचविले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले. पण दर्जा दिल्लीहून येतो, विद्यार्थी घरातून जावा लागतो. बैठकीत स्वभाषेचा अभिमान आणि प्रवेशअर्ज मात्र इंग्रजी माध्यमाचा, ही विसंगती बाहेरच्या कोणी लादलेली नाही. मुलांअभावी मराठी शाळेची तुकडी बंद पडते, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या मोलकरणीच्या, रिक्षाचालकाच्या मुलाचाही आधार तुटतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन कामे अंगावर घ्यावीत. जवळच्या मराठी शाळेत आपले मूल घालावे, आणि त्या शाळेत इंग्रजी उत्तम शिकविले जावे, ध्वनीने, गाण्याने, जाणत्या शिक्षकाकडून, यासाठी मागे लागावे. इंग्रजी येणाऱ्या निवृत्तांनी आठवड्याचे दोन तास तेथे द्यावेत. मराठी शाळेत चांगले इंग्रजी मिळत नाही ही तक्रार खरी असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी प्रथम आपली आहे. शाळा सोडून जाणाऱ्याला तक्रारीचा अधिकार उरत नाही.