वरून वीस मिनिटं, खालून आख्खा दिवस



नकाशा घ्या. नाशिकचं ओझर विमानतळ आणि सुरतचं विमानतळ शोधा. दोन्हींवर पट्टी ठेवा. सरळ अंतर भरतं सुमारे १६५ किलोमीटर. लहान प्रवासी विमान तासाला ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे नुसतं उडायला वीस मिनिटं. चढणं-उतरणं धरलं तरी पाऊण तासात माणूस पलीकडे.

आता बघा, ती पट्टी कुठून गेली? दिंडोरी ओलांडून सुरगाण्याच्या डोंगरांवरून, पुढं धरमपूर-वांसद्याच्या जंगलावरून. म्हणजे आपल्याच नागली-वरईवरून, आपल्याच पाड्यांवरून. विमानाला आपला आख्खा तालुका पाच मिनिटांचा.

खाली आपलं काय? वनदाव्याचं काम निघालं की पहाटे उठून सडकेपर्यंत पायी, मग येष्टीची वाट, मग घाट चढून कळवण. तिथं ऐकायचं, "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या." मजुरी बुडाली, भाडं गेलं, कागद तिथंच. जिल्हा समितीपुढं जायचं तर सुरगाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर. आणि पावसात बाळंतीण अडली तर झोळी बांधून खांद्यावर न्यायची. तिथं मिनिटं कोण मोजतो?

अंतर नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही. सरकार कुणासाठी पैसा सोडतं, त्यावर ठरतं. २०१६ साली उडान योजना आली. तासाभराच्या विमानप्रवासाला काही जागांचं भाडं २५०० रुपयांवर बांधलं आणि कंपनीची तूट सरकारनं भरून द्यायचं ठरलं. विमानाशी आमचं भांडण नाही. उडणारे उडोत. पण विमानाची तूट भरून निघते, तर पाड्याच्या येष्टीलाच "फेरी परवडत नाही" असं का?

रस्ता मागितला की उत्तर ठरलेलं: "जमीन फारेस्टची आहे." आम्ही म्हणतो, कायदा वाचा. वनहक्क कायदा २००६, कलम ३, पोटकलम २. रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी तीन. प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. चार मीटर रुंदीचा रस्ता धरला तर जवळजवळ अडीच किलोमीटर यात बसतो. कितीतरी पाड्यांचा प्रश्न तेवढ्यात सुटतो. फाईल दिल्लीला जायची गरज नाही, वनखात्याच्या विभागीय अधिकाऱ्याकडंच ती मंजूर होते.

२०१८ च्या मार्चमध्ये आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले. सहा दिवस, १८० किलोमीटर. पायाची सालटी निघाली. दावे सहा महिन्यांत निकाली काढतो, असं सरकारनं लिहून दिलं. ते सहा महिने कधीच सरले. दावे अजून पडून आहेत. आपल्याला चालता येतं हे सरकारला ठाऊक झालंय. आता सरकारनं चालावं.

म्हणून येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं दोन ठराव करायचे. एक, रस्त्याचा, पोटकलम २ चा उल्लेख करून. दुसरा, दाव्यांची सुनावणी तालुक्याला येऊन घ्या, असा. बायांच्या सह्या-अंगठे आधी. ठराव देताना पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय उठायचं नाही.

जिंदाबाद!