टेम्सचे हंस आणि आमची वालधुनी

गॅदरिंगच्या क्विझमध्ये ‘ब्रिटन’ नावाचा एक राउंड असतोच असतो. यंदा त्याची तयारी माझ्याकडे होती. मेसमधला चहा संपेपर्यंत रूममेट प्रश्न विचारायचा आणि मी उत्तरं द्यायचो. (एवढं पाठांतर परीक्षेच्या आधी केलं असतं तर एम-थ्रीची केटी लागली नसती, पण असो.) त्या राउंडमध्ये आम्ही दुसरे आलो. क्विझ संपली, पण पाठ केलेल्या काही गोष्टी डोक्यातून जाईनात. त्या का जात नाहीत हे शोधताना जे सुचलं, ते लिहितो आहे.

पहिली गोष्ट हंसांची. इंग्लंडमध्ये मोकळ्या पाण्यावरचे, खूण नसलेले ‘म्यूट’ जातीचे हंस राजाच्या मालकीचे मानले जातात. पूर्वी हे हंस शाही मेजवानीत शिजवले जायचे, म्हणून मालकी जपली जायची. आज कुणी ते खात नाही. तरीही दर जुलैमध्ये लाल कोट घातलेली माणसं वल्ह्यांच्या होड्या घेऊन टेम्स नदीवर निघतात आणि हंस मोजतात. पिल्लांना पकडून वजन करतात, मासेमारीचा गळ कुठे रुतला आहे का बघतात, पायात कडी अडकवतात आणि सोडून देतात. राजाच्या माणसांबरोबर लंडनच्या दोन जुन्या व्यवसाय-संघांची माणसंही असतात. त्यातला एक संघ वाइन व्यापाऱ्यांचा आणि दुसरा चक्क कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचा!

दुसरी गोष्ट बिग बेनची. हे नाव घड्याळाचं नाही आणि मनोऱ्याचंही नाही, आतल्या मोठ्या घंटेचं आहे. मनोऱ्याला 2012 पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. ही घंटा 13.7 टनांची. 1859 मध्ये ती वाजू लागली आणि काही महिन्यांतच तिला तडा गेला. मग त्यांनी घंटा थोडी फिरवली, हातोडा हलका केला, आणि तडा गेलेली तीच घंटा आजही टोले देते आहे. घड्याळ मागे-पुढे झालं की लंबकावर जुन्या पेनीची नाणी ठेवतात किंवा काढतात. एक पेनी ठेवली की घड्याळ दिवसाला 0.4 सेकंद पुढे जातं. (मेकॅनिकलवाल्यांनो, लंबकाचं गुरुत्वमध्य किंचित वर सरकतं म्हणून. व्हायवाला विचारलं तर माझं नाव सांगा.)

तिसरी गोष्ट आपल्या रेक्टर सरांना विशेष आवडेल. टॉवर ऑफ लंडनला रोज रात्री कुलूप लावण्याचा एक विधी आहे. रात्री दहाला बरोबर सात मिनिटं कमी असताना मुख्य पहारेकरी कंदील आणि किल्ल्या घेऊन निघतो. सुमारे 700 वर्षं हे चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात एका रात्री बॉम्बहल्ल्यामुळे उशीर झाला, तर पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने राजाला माफीचं पत्र लिहिलं. आपल्याकडे दहानंतर गेटवर पोचणारा माफीचं पत्र लिहितो, कुलूप लावणारा नव्हे, एवढाच काय तो फरक.

ऐकायला या तिन्ही गोष्टी गमतीच्या, थोड्या वेडगळही वाटतात. पण नीट बघितलं तर तिन्हींत एकच काम दिसतं : आपल्याकडे जे आहे ते ठरलेल्या वेळी जाऊन बघायचं, मोजायचं आणि राखायचं. हंस मोजायच्या निमित्ताने नदीची तपासणी होते. पेनी ठेवायच्या निमित्ताने घड्याळाची देखभाल होते. हे जेव्हा लक्षात आलं, तेव्हा मला आपल्या लोकलच्या खिडकीतून दिसणारं सगळं आठवलं, आणि जरा लाज वाटली.

कारण थक्क करणाऱ्या गोष्टी आपल्या स्टेशनांच्या आसपासही कमी नाहीत. अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. तिथल्या शिलालेखातलं साल शके 982, म्हणजे इ.स. 1060. टॉवर ऑफ लंडनमधल्या मूळ व्हाइट टॉवरचं बांधकाम सुरू झालं सुमारे 1078 मध्ये. आपल्या शिलाहारांचं देऊळ लंडनच्या किल्ल्यापेक्षा जुनं! टॉवर बघायला जगभरातून माणसं जातात. आमच्या वर्गातली निम्मी मुलं चार वर्षांत एकदाही देवळात गेलेली नाहीत, आणि जी गेली ती महाशिवरात्रीच्या जत्रेला.

रेल्वेचं घ्या. 1856 मध्ये कल्याणहून खोपोलीकडे जाणारा मार्ग सुरू झाला, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या शेतांतून गाड्या धावू लागल्या. लंडनची जगप्रसिद्ध भुयारी रेल्वे त्यानंतर सात वर्षांनी, 1863 मध्ये आली. या गाड्यांच्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून जीआयपी रेल्वेने अंबरनाथजवळ काकोळ्याला पाणी साठवलं. त्याला आपण आजही ‘जीआयपी टँक’ म्हणतो. जीआयपी म्हणजे काय, हे किती जणांना माहीत आहे?

आणि उल्हासनगर? त्याची तर मांडणीच ब्रिटिश लष्कराची. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी ट्रान्झिट कॅम्प उभारला होता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय झाली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या गावाची कोनशिला बसली आणि त्याचं नाव उल्हासनगर झालं. आज रिक्षावाल्याला आपण ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ म्हणतो आणि पत्त्यात बराकीचा नंबर लिहितो. घरदार सोडून आलेल्या माणसांनी सैनिकांच्या बराकीत संसार मांडले आणि त्यातून बाजारपेठ उभी केली, ही बिग बेनच्या घंटेहून मोठी गोष्ट आहे. पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही. क्विझमध्ये यावर एकही प्रश्न नव्हता.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे नदीवर. वालधुनी काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते, शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ खाडीला मिळते. ज्या परिसरात रेल्वेने इंजिनांसाठी पाणी साठवलं, तिथूनच ती निघते. खाली येईपर्यंत तिचं काय होतं ते सांगायला नको. गाडी पुलावर आली की डब्यातले रुमाल नाकावर जातात. लंडनचे रंगारी हंस मोजतात. आपल्याकडे जीन्स धुण्याच्या युनिट्सचं निळं पाणी वर्षानुवर्षं या नदीत मिसळत आलं. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरजवळ वालधुनीत रासायनिक कचरा ओतला गेला, आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना, हॉस्पिटलात न्यावं लागलं. उल्हास नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न ‘वनशक्ती’ संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरला उल्हासचं पाणी पुरवलं जातं, म्हणजे हा प्रश्न थेट आपल्या ग्लासातला आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘त्यांच्या नद्या मुळातच स्वच्छ, त्यांची आपली काय तुलना?’ हे साफ चूक आहे. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावावे लागले. इतिहासात त्याला ‘द ग्रेट स्टिंक’ म्हणतात. त्याच पार्लमेंटने त्याच उन्हाळ्यात कंपनीकडून हिंदुस्थानचा कारभार राणीकडे घेण्याचा कायदा केला. नाक दाबून आपलं भवितव्य ठरवलं म्हणायचं! पण दुर्गंधी स्वतःच्या नाकात गेल्यावर त्यांनी पैसेही मंजूर केले, आणि जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने 132 किलोमीटरच्या मुख्य गटारवाहिन्या बांधल्या. तेवढ्यानेही नदी सुटली नाही. 1957 मध्ये टेम्सचा काही भाग जीवशास्त्रीयदृष्ट्या मृत म्हणून जाहीर झाला. मग पुन्हा काम सुरू झालं. 2021 च्या अहवालात त्याच नदीत सील आणि समुद्रघोडे असल्याची नोंद आहे. सांडपाणी मात्र पावसात अजूनही नदीत जातच होतं, म्हणून 25 किलोमीटरचा नवा बोगदा खोदून 2025 मध्ये तो पूर्ण जोडला. म्हणजे 150 वर्षांहून जास्त काळ ते एकाच नदीच्या मागे लागलेले आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘त्यांच्याकडे पैसा होता, आणि तो आपल्याकडून नेलेला होता.’ बरोबर आहे. साम्राज्याचा हिशेब मी माफ करत नाही. पण होडीत बसून हंस मोजायला साम्राज्य लागत नाही, आणि लंबकावर पेनी ठेवायला तर एक पेनीच लागते. पैशाअभावी राहिलेली कामं वेगळी आणि बघायलाच न गेल्यामुळे राहिलेली वेगळी. आपली बरीचशी दुसऱ्या प्रकारातली आहेत.

म्हणून एक सूचना करतो. सिव्हिलच्या पर्यावरण लॅबमध्ये आपण पीएच, डीओ, बीओडी काढायला शिकतो. कशावर? हॉस्टेलच्या नळाच्या पाण्यावर! जर्नल भरतं, सही मिळते, विषय संपतो. त्याऐवजी दर जुलैमध्ये, टेम्सवर हंस मोजले जातात त्याच महिन्यात, आपण चार ठिकाणचं पाणी आणावं : काकोळ्याला वालधुनीच्या उगमाकडचं, शिवमंदिराजवळचं, उल्हासनगरच्या पुलाखालचं, आणि बदलापूरला उल्हास नदीतलं. बीओडीच्या बाटल्या 27 अंशांवर तीन दिवस ठेवायच्या, आकडे काढायचे आणि याच अंकात छापायचे. आंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, ही मर्यादा आकड्यांशेजारी ठळक छापायची. पुढच्या बॅचने पुढच्या जुलैत तेच करायचं. सरांनी परवानगी द्यावी, बाटल्या धुवायला मी येतो.

एका वर्षाच्या आकड्याने काही होणार नाही, हे मलाही कळतं. पण दहा वर्षांचे आकडे एका खाली एक छापलेले असले, तर नगरपालिकेतल्या साहेबाला ‘तपासून बघतो’ एवढंच म्हणून आपल्याला परत पाठवणं जड जाईल. आणि आपल्यातला एखादा तरी बॅझलजेट निघेल, जो लंडनला जायच्या आधी काकोळ्याला जाऊन येईल.

पुढच्या क्विझसाठी एक प्रश्न आजच देऊन ठेवतो : शिवमंदिरापाशी वालधुनीच्या पाण्यात डीओ किती? उत्तर कुठल्याही जनरल नॉलेजच्या पुस्तकात मिळणार नाही. बाटली घेऊन जावं लागेल.