जुन्या मोटारगाडीच्या काचा

जुन्या मोटारगाड्या जतन करणाऱ्या मंडळींत हल्ली एक विचित्र हौस बळावली आहे. 1960 च्या दशकातील अकराशे फियाट मोठ्या कष्टाने मिळवावयाची, तिला मूळचा रंग द्यावयाचा, आणि मग दरवाजांचे पत्रे कापून काचा चढविण्या-उतरविण्यासाठी विजेची यंत्रे बसवावयाची! यास जतन म्हणावयास आम्ही तयार नाही.

हँडल जड फिरते, वृद्धांचे हात दुखतात, हा यावरील नेहमीचा युक्तिवाद होय. परंतु ते जड का फिरते? बहुधा आतील दातेरी चक्रावरचे ग्रीस वाळलेले असते व काचेच्या खाचेतील पट्टी कडक झालेली असते. खाच साफ करून पट्टी बदलावी, हा खरा उपाय. तसे न करता वीज जोडल्यास दोष जात नाही. तो यंत्राच्या माथी बसतो, आणि भर पावसात बॅटरी उतरली की उघडी काच उघडीच राहते.

आमचा विरोध सोयीस नाही. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने बटणाने हलणाऱ्या काचा 1940 सालीच आणल्या. पण त्या त्या गाडीच्या मूळ रचनेतल्याच होत्या. बदल करावाच लागला तर तो पूर्ववत करता यावा व काढलेले भाग जपून ठेवावेत, असे 2012 ची ट्यूरिन सनद सांगते. आपल्या सरकारच्या 2021 च्या नियमांनीही पन्नास वर्षांवरील 'व्हिंटेज' गाडीचा सांगाडा मूळ स्वरूपात राखण्याची अट घातली आहे. कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. ज्यांस बटणावाचून चालत नाही, त्यांनी खुशाल नवी गाडी घ्यावी. जुनीस मात्र हात लावू नये.