१९२० : एका वर्षाचे दोन आरंभ

१/ १९२० साल म्हटले की मराठी वाचकाला प्रथम १ ऑगस्ट आठवतो. त्या दिवशी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच दिवशी गांधीजींच्या असहकाराला आरंभ झाला. टिळकयुग संपले व गांधीयुग सुरू झाले, हे या वर्षाचे रूढ वर्णन. ते चुकीचे नाही. मात्र अपुरे आहे.

२/ त्याच्या ६ महिने आधी, ३१ जानेवारीला, मुंबईतून 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले. भीमराव आंबेडकर तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव छापता येत नव्हते. तेथे पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते.

३/ पहिल्याच अंकात आंबेडकरांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्याने ज्या मजल्यावर जन्म घ्यावा, त्याने तेथेच मरावे. परकी सत्ता गेल्याने हा जिना आपोआप बांधला जाईल काय, हा त्यातून उभा राहणारा प्रश्न स्वराज्याच्या चळवळीला उद्देशून होता.

४/ २१ व २२ मार्चला कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी आंबेडकर होते. शाहू महाराज स्वतः उपस्थित राहिले आणि तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. आंबेडकरांचे वय तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते.

५/ मेअखेरीस नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली. त्याच नागपुरात डिसेंबरमध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. एका शहरात, एकाच वर्षी, दोन भिन्न भारतांनी आपापली मागणी मांडली. पाठ्यपुस्तकांतील ठळक स्थान मात्र डिसेंबरच्या अधिवेशनाला मिळाले.

६/ त्या अधिवेशनाचे महत्त्व निर्विवाद आहे. चार आणे वर्गणीमुळे काँग्रेसची दारे सामान्यांना उघडली आणि प्रांतिक समित्यांची रचना भाषेच्या आधारे झाली. असहकाराच्या ठरावात अस्पृश्यतेचा कलंक दूर करण्याचे आवाहनही होते. तथापि, ते आवाहन स्पृश्य समाजाला केलेले होते. माणगावात बोलत होते ते ज्यांच्यावर अन्याय झाला तेच.

७/ निवडणुकांकडे पाहण्याची दृष्टीही दुभंगलेली होती. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतरच्या कायदेमंडळांवर काँग्रेसने बहिष्कार घातला. मुंबई इलाख्यात ७ जागा मराठा व तत्सम जातींसाठी राखीव होत्या. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना ती प्रथमच मिळालेली संधी वाटली. जे दार एकाला पारतंत्र्याचे दिसले, तेच दुसऱ्याला प्रवेशाचे दिसले. यातील कोणालाही केवळ स्वार्थी किंवा केवळ भोळे ठरवणे हा आळस होय.

८/ मग एक आरंभ स्मरणात राहिला आणि दुसरा का मागे पडला? टिळकांच्या अंत्ययात्रेचे वर्णन करणारी वृत्तपत्रे होती, वाचक होते, छापखाने होते. 'मूकनायक'मागे ते बळ नव्हते. आंबेडकर जुलैत शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत पत्र बंद पडले. ज्याच्याजवळ छापखाना, त्याचेच वर्ष इतिहासात शिरते.

९/ या दोन घटनाक्रमांना शेजारी ठेवल्याने टिळकांचे वा गांधींचे मोठेपण घटते, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९३२ चा पुणे करार १९२० च्या त्या दुसऱ्या आरंभावाचून समजूच शकत नाहीत. येरवड्यात समोरासमोर आलेले दोन प्रवाह याच वर्षी वेगवेगळ्या उगमांतून निघाले होते.

१०/ म्हणून १९२० शिकवताना १ ऑगस्टसोबत ३१ जानेवारीही शिकवावी. एका तारखेने विचारले, राज्य कोणाचे? दुसरीने विचारले, त्या राज्यात माणूस कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९४७ साली मिळाले. दुसऱ्याचे उत्तर १९५० साली लागू झालेल्या राज्यघटनेत लिहिले गेले. ते गावागावांत उतरवण्याचे काम अजून चालूच आहे.